अस्तर काढलेलं लुगडं

कुसुमताई, तुमचा कान कापला त्यांनी.

रावेतच्या ऑफिसात तुमची शोकसभा झाली. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तुमचा फोटो लावला होता. फोटो कुठला, तर मागच्या दिवाळीत सगळ्यांनी मिळून काढलेला. तुमच्या एका बाजूला मी होतो, दुसऱ्या बाजूला आपले मालक, प्रशांत सर. आम्हा दोघांना पुसून तुम्हाला एकटीला बाहेर काढलं होतं, आणि काढणाऱ्याने इतकी घाई केली की डावा कान कुडीसकट गेला. केसांच्या कडेने पांढरी रेघ राहिली होती. मागे ढग, खाली हलत्या ज्योतीची समई. कड कशी कापायची हे ज्या बाईने त्या ऑफिसला शिकवलं, तिलाच असं कापलं होतं.

मग सर बोलले. "मावशी म्हणजे आपल्या स्टुडिओची आई होती." तुम्ही असताना ते तुम्हाला मावशीच म्हणायचे, झाडायला येणाऱ्या बाईला हाक मारायचे त्याच आवाजात. तुम्ही एकदा मला म्हणाला होतात, "मला मावशी म्हणू दे रे. पर त्या झाडणाऱ्या बाईचं नाव काय, हे तरी त्याला ठावं हाय का?" मला तरी कुठे ठाऊक होतं.

भाषण संपलं आणि समोसे आले. अंगठ्याला चिंचेची चटणी लागलेली असतानाच सरांनी जाहीर केलं की तुमच्या नावाने कपड्यांचा एक नवा संच बाजारात आणायचा. नाव 'कुसुम'. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, ताई. हात आपोआप वर गेले. त्या हातांची मला तेव्हापासून किळस येते.

आपण करत होतो ते काम माझ्या आईला अजून कळलेलं नाही. तिला मी एवढंच सांगतो की कॉम्प्युटरमध्ये एक खोटं जग असतं, माणसं त्यात आपला एक पुतळा करून हिंडतात, आणि त्या पुतळ्यांना लागणारे कपडे आम्ही रंगवतो. ती म्हणते, "म्हंजी भातुकली." तुम्हाला मात्र पहिल्याच दिवशी कळलं. 'कपड्यांची जाण असलेली व्यक्ती हवी' ही आमची जाहिरात तुमच्या लेकीने, अश्विनीने, तुम्हाला वाचून दाखवली होती. चिखलीहून दोन बस बदलून तुम्ही आलात, पदराने घाम पुसत माझ्या शेजारी बसलात. मी पडद्यावर पुतळ्याचं अंग उलगडून दाखवलं. पाठ, पोट, बाह्या, पाय, सगळं सपाट पसरलेलं. नव्या पोरांना त्याची सवय व्हायला आठवडा लागायचा.

तुम्ही म्हणालात, "हे तर कटिंग हाय."

मी म्हटलं, "कटिंगच."

"चाकणला कंपनीत अकरा वर्षं गाडीच्या सीटची कव्हरं शिवली मी. सीट अशीच उलगडून ठेवत्यात." मग चष्मा नाकावर खाली घेऊन आमचे आधीचे सगळे शर्ट एकेक करून बघितलेत आणि विचारलंत, "बाजूची शिवण का जुळंना तुमची? पट्टे इकडं वर, तिकडं खाली. हे घालून लोक फिरायलेत?"

दोन वर्षं फिरत होते. आमच्यातल्या एकालाही दिसलं नव्हतं.

थर कसे टाकायचे ते मी तुम्हाला शिकवलं, असं मी लोकांना सांगायचो. खरं म्हणजे मी फक्त बटण कुठे आहे ते दाखवलं. खाली एक रंगाचा थर, त्यावर विणीचा, त्यावर चुण्यांच्या सावलीचा, सगळ्यात वर चमक. प्रत्येक थर किती दाट आणि किती पारदर्शक ठेवायचा ते एका पट्टीवर ठरतं. आम्ही सावली म्हणून सरळ काळा रंग घ्यायचो आणि पट्टी ओढून तो फिका करायचो. तुम्ही ते बघून तोंड वाकडं केलंत. "राख फासल्यावानी दिसायलंय. पिवळ्या कापडाची सावली काळी नसती, लेकरा. जास्त पिवळी असती." दुसऱ्या दिवशी पिशवीतून चार रंगांचे ब्लाउजपीस आणलेत, गच्चीवर उन्हात धरून मला चुणी दाखवलीत. तेव्हापासून मी काळी सावली टाकली नाही.

आणि ती मलमलची ओढणी. तिच्या निऱ्या माझ्याकडून होत नव्हत्या, दोन दिवस घासत होतो. तुम्ही म्हणालात, पातळ कापड दुमडलं की दोन पदर होतात, मग तिथं आरपार कमी दिसणार, एवढंच तर हाय. तोच थर उचललात, किंचित सरकवून त्याच्यावरच ठेवलात. जिथे दोन आले तिथे दाट, तीन आले तिथे आणखी दाट. निरी उभी राहिली. मी खुर्ची मागे सारून बघत बसलो. माझ्या आयुष्यात मला कुणी इतकी सोपी आणि इतकी खरी गोष्ट शिकवलेली नाही. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले. तेव्हा मी म्हटलं होतं, "भारी ताई," आणि चहा प्यायला गेलो होतो.

तुमची एक सवय होती. सगळ्यात खालचा थर तुम्ही कधी पारदर्शक ठेवायचा नाहीत. एकरंगी, घट्ट. त्याला तुम्ही नाव दिलं होतं 'अस्तर'. फाईल उघडली की थरांच्या यादीत तळाला तुमच्या हाताने मराठीत लिहिलेलं असायचं, अस्तर. मी म्हणायचो, वरचे थर आहेत की, त्याची गरज नाही, फाईल उगाच जड होते. तुम्ही म्हणायचात, "असू दे जड."

मग तुम्ही तुमच्या आईचं लुगडं आणलंत. जांभळं इरकली, लाल काठ, लाल-पांढऱ्या नक्षीचा टोप पदर. आईच्या मागे तुमच्या वाट्याला आलेली तेवढीच वस्तू. वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेलं, कडुनिंबाचा पाला आत. ऑफिसच्या छोट्या स्कॅनरवर ते एकदम मावेना, तर वीतभर वीतभर सरकवत पूर्ण लुगडं तुम्ही काचेवर घातलंत, आणि ते तुकडे जोडायला दीड महिना घेतलात. एका जागी रफू होतं. मी म्हटलं, ते काढू या. तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे, ते आईनं केलेलं हाय." नऊवारी नेसलेला पुतळा पहिल्यांदा चालला तेव्हा तुम्ही पडद्याजवळ गेलात आणि म्हणालात, "चाल आईची न्हाई. पर लुगडं तिचंच हाय."

त्या खोट्या जगातल्या दुकानात ओढणी चांगली खपली होती. सरांना त्यातून एवढंच समजलं की आरपार दिसणारं खपतं. त्यांनी तुम्हाला नऊवारी तशी करायला सांगितली आणि तुम्ही नाही म्हणालात. त्या दिवशी डबा खाताना आपलं भांडण झालं, आठवतं? मी सरांची बाजू घेतली होती. म्हटलं, "ताई, ओढणी चालते, मग साडीला काय झालं?"

तुम्ही म्हणालात, "झिरझिरीत कापडाला मी वाईट म्हणती का? आपल्यात साडीला पातळच म्हणत्यात. पर आत काय ठिवायचं, ते नेसणारी ठरवती."

"इथे नेसणारी आहेच कुठे? चित्र आहे ते. आत कुणी नाही."

तुम्ही भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून विचारलंत, "आत कुणी न्हाई, तर बघणारे काय बघायलेत?"

मी विषय बदलला, शेंगदाण्याची चटणी मागितली. ते भांडण तसंच राहिलं. आता त्याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते बोलायचं म्हटलं की शिसारी येते.

तुम्ही अश्विनीच्या परीक्षेसाठी चार दिवस रजेवर होतात. सर माझ्या टेबलाशी आले. "महेश, मावशीची ती फाईल घे आणि तेवढं करून टाक. तिला सांगायची गरज नाही राव, दुसऱ्या दुकानाच्या नावाने टाकू."

मी करून टाकलं, ताई. तुम्हाला नंतर सांगितलं तसा बाहेरचा माणूस कुणी नव्हता. मीच होतो. फाईल उघडली, तळाला गेलो आणि तुमचं अस्तर काढून टाकलं. मग वरच्या थरांची पट्टी डावीकडे ओढत गेलो, जांभळा रंग विरत गेला. आत बाईचं उघडं अंग दिसायला लागलं. अर्ध्या तासाचंही काम नव्हतं. तुम्ही थर इतके नीट लावले होते की ते उसवायला काही त्रासच पडला नाही. रफू कुठे आलं होतं ते सांगत नाही. तुम्हाला ठाऊक आहे, लुगडं तुमचं होतं.

जाहिरातीचं चित्रही मीच काढलं. सरांनी नाव दिलं 'गावरान'. मी ते टाईप केलं. त्यावेळी मला काही वाटलं का, हे मी स्वतःला खूपदा विचारलंय. एवढंच आठवतं की काम झाल्यावर मी खाली जाऊन वडापाव खाल्ला आणि तो मला गोड लागला.

ह्यापेक्षा घाण गोष्ट पुढे आहे. दर सोमवारी तुम्ही मला खरेदीदारांची मतं वाचून दाखवायला लावायचात. इंग्रजीत असायची, मी मराठीत सांगायचो. कुणी ब्राझीलची बाई लिहायची की काठ सुंदर आहे, तर तुम्ही लाजून हसायचात. तुम्हाला कुणीतरी सांगितलं की तुमच्या नऊवारीला दुसरीकडेही मागणी आहे. तुम्ही माझ्याकडे आलात. "दाखव बरं, लोक काय म्हणायलेत?" चित्र दिसू नये म्हणून मी पान खाली सरकवलं आणि फक्त मतं उघडी ठेवली. पडद्यावर जे लिहिलं होतं ते मी आजही कागदावर उतरवू शकत नाही. तुमच्या आईच्या लुगड्याबद्दल, त्यातल्या बाईबद्दल, गावच्या बायांबद्दल. तुम्ही माझ्या खांद्यामागे उभ्या होतात. मी एकेका ओळीवर बोट ठेवून सांगत गेलो. "हा म्हणतो, रंग छान आहे. हा म्हणतो, अशी साडी कुठे बघितली नव्हती. हा म्हणतो, अजून बनवा."

तुम्ही म्हणालात, "परक्या मुलखातले असून मानत्यात बघ."

मग घरी जाऊन तुम्ही अश्विनीला कौतुकाने तेच पान उघडायला सांगितलंत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, पिशवी खांद्यालाच होती. बसला नाहीत. आवाजही चढवला नाहीत. सगळ्यांसमोर विचारलंत, "हे कुणी केलं?"

सर म्हणाले, "मावशी, ते बाहेरच्या माणसाने केलं. फाईल लीक झाली. आपण बघतोय काय करता येतं ते."

तुम्ही माझ्याकडे वळलात. "तुला ठावं होतं?"

"नाही, ताई."

"मग काल वाचलंस ते?"

"मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. मला वाचवायला खोटं बोलला बिचारा, असं तुम्हाला वाटलं. तुमच्या तोंडावर ते मला स्पष्ट दिसलं आणि मी ते तसंच राहू दिलं. खणातला चष्म्याचा डबा, कात्री आणि लिंबाच्या लोणच्याची बाटली घेऊन तुम्ही गेलात. जाताना मला म्हणालात, "तू नको सोडूस. तुझं घर हाय ह्याच्यावर."

त्यानंतरचे आठ महिने मला सगळ्यात जड जातात. तुम्ही घरी ब्लाउज शिवत होतात आणि पंधरा दिवसांनी मला फोन करायचात. मी यायचोही. तुमच्या त्या खोलीत, मशीनशेजारच्या लोखंडी खुर्चीवर बसून धपाटे खायचो. तुम्ही विचारायचात, "तो माणूस सापडला का रे?" मी म्हणायचो, "शोधतायत." तुम्ही पुढचा धपाटा वाढायचात. दर वेळी ठरवून यायचो की आज सांगायचं, आणि पोट भरलं की वाटायचं, आता कसं सांगू. लाज मला होती, पण भूक जास्त होती. असा माणूस मी होतो.

मग तुम्हाला ताप आला. मला वाटलं, उतरला की भेटू. तो उतरला नाही.

'कुसुम' संचाची यादी शोकसभेनंतर चार दिवसांनी माझ्याकडे आली. ओढणी होती, परकर-पोलकं होतं, खणाची चोळी होती. तळाला ते लुगडं होतं. अस्तर नसलेलं. 'गावरान' पुसून तिथे तुमचं नाव घातलं होतं आणि शेजारी तुमचा तो कान कापलेला फोटो.

मी सरांच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, "हे काढा. ताई ह्याच्यामुळेच गेल्या होत्या इथून."

ते मोबाईल बघत होते. "भावा, लोकांना स्टोरी लागते. गावची बाई, आईची साडी, आता ती नाही. त्यावर हे सगळ्यात जास्त चालणार."

"हे त्यांच्या आईचं आहे."

"आणि केलंय कुणी?" त्यांनी वर बघितलं. "तूच ना? मग आता कशाला सोवळं नेसतोस?"

ते खरं बोलले. त्या माणसाकडून खरं ऐकण्याइतकं ओंगळ दुसरं काही नसेल. मी बाहेर आलो. जागेवर बसलो आणि ते खोटं जग आणि त्यातलं दुकान चालवणाऱ्या परदेशी कंपनीला तक्रार लिहिली. मूळ काम कुणाचं, त्यात बदल कुणी केला, कुणाच्या सांगण्यावरून केला. बदल करणाऱ्याच्या जागी माझं पूर्ण नाव लिहिलं. मग तुमच्या सगळ्या मूळ फाईली एका पेन ड्राईव्हवर घेतल्या, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून पुसल्या आणि किल्ली टेबलावर ठेवून खाली उतरलो. तीन दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. ते लुगडं दुकानातून काढलंय. ज्यांनी आधीच घेतलंय त्यांच्याकडचं काढता येत नाही. ते त्यांचं झालं. म्हणजे कुठेतरी, कुणाच्या तरी पुतळ्यावर, ते अजून आहे, आणि राहील.

त्याच दिवशी मी चिखलीला गेलो. अश्विनी पहिल्या शिफ्टहून नुकतीच आली होती, कंपनीचा निळा शर्ट अंगावरच होता. तुमच्या मशीनवर तिने चादर टाकली होती. मी पेन ड्राईव्ह तिच्या हातात दिला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. अस्तर, चित्र, मतं, सगळं. काही गाळलं नाही.

ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "आईला का नाही सांगितलं?"

"धीर झाला नाही."

"आणि आता झाला. ती नाही म्हटल्यावर." तिचा आवाज तुमच्यासारखाच खालचा होता. "मला सांगून हलकं व्हायला आलात का, महेशदादा?"

हो म्हणावं तर जीभ उचलेना, आणि नाही म्हटलं असतं तर ते आणखी एक खोटं झालं असतं.

तिने पेन ड्राईव्ह मुठीत धरला होता. म्हणाली, "दवाखान्यात फॉर्म भरताना दुसरा नंबर विचारला. आईने तुमचा दिला. नात्याच्या रकान्यात 'मुलगा' लिहायला लावलं. मी म्हटलं, खोटं कशाला लिहायचं? तर म्हणाली, लिही गं, त्याला काय होतंय."

मग तिने दार उघडून धरलं. "मला तुमच्याशी भांडायचं नाही. पण तेराव्याला येऊ नका."

ताई, काल तुमचं तेरावं झालं. मी नव्हतो. तिथे आलेल्यांपैकी कुणी म्हणालंही असेल की महेश कसा दिसला नाही, आणि कुणीतरी सांगितलं असेल की कामात असेल. मला काम नाही. मी घरीच होतो. दुपारी आईने ताट वाढलं आणि विचारलं, "तुज्या त्या ताईंचं आज हाय ना? गेला न्हाईस?" मी म्हटलं, "मला येऊ नको म्हणाले." तिने का म्हणून विचारलं. मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, माझ्यासमोरचं ताट उचललं आणि आत गेली.